नफा म्हणजे नेमकं काय उरलं?

इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि गाडलं गेलं म्हणूनच टिकलं. तिथल्या एका घरात शिरताना पायाखालच्या फरशीत दगडी तुकडे जडवून दोन शब्द लिहिलेले आहेत : 'सॅल्वे लुक्रुम'. म्हणजे, 'ये बाबा नफ्या, ये'. दुसऱ्या एका घरात 'लुक्रुम गाउदियुम' असंही सापडलं, म्हणजे 'नफा हाच आनंद'. आपल्याकडे दुकानाच्या दारावर आणि वहीच्या पहिल्या पानावर एका बाजूला 'शुभ' आणि दुसऱ्या बाजूला 'लाभ' लिहितात. मधे दोन हजार वर्षं आणि एवढा मोठा समुद्र, तरी दाराशी उभं राहून व्यापारी मागतो ते एकच. रोमन माणसाने 'शुभ'च्या भानगडीत न पडता थेट मुद्द्याला हात घातला, एवढंच.

गंमत अशी की इंग्रजीतला 'प्रॉफिट' या लुक्रुमपासून आलेला नाही. लुक्रुमचा वारसा इंग्रजीत 'ल्युक्रेटिव्ह' या शब्दाकडे गेला. प्रॉफिटचं मूळ लॅटिनमधल्या दुसऱ्याच क्रियापदात आहे. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. दोन्ही मिळून 'प्रोफिकेरे', म्हणजे पुढे सरकणे, प्रगती होणे, उपयोगी पडणे. एखाद्या कामात तयार झालेल्या माणसाला 'प्रोफिशियंट' म्हणतात, तो याच घरातला. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला तेव्हा त्यात पैशाचा वास फारसा नव्हता. उपासाने प्रॉफिट होई, वाचनाने होई, सज्जनांच्या संगतीने होई. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये विचारलं आहे की माणसाने सगळं जग मिळवलं आणि स्वतःचा आत्मा गमावला, तर त्याला कसला 'प्रॉफिट'? तिथे प्रॉफिट म्हणजे भलं.

हा जुना अर्थ मेला म्हणावं तर आपल्या राज्यघटनेत तो जिवंत आहे. खासदार आणि आमदार यांना सरकारच्या अखत्यारीतलं 'लाभाचं पद' धरता येत नाही, ते कलम १०२ आणि १९१ मध्ये. ही कल्पना इंग्लंडमधल्या १७०१ च्या कायद्यापर्यंत मागे जाते : राजाने खिरापतीसारखी पदं वाटून संसद खिशात घालू नये. २००६ मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची खासदारकी याच मुद्द्यावर गेली. उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. मी त्यातून पैसे घेतलेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घेतले की नाही हा प्रश्नच नाही. त्या पदातून घेता येण्याजोगं काही होतं, तेवढं पुरे. म्हणजे एक पैसाही हातात न पडता लाभ झाला!

आपला 'नफा'ही असाच लांबून चालत आलेला. अरबीत 'नफ्अ' म्हणजे उपयोग, हित. फारसीच्या खांद्यावर बसून तो दरबारात आला आणि दफ्तरातून मराठीत मुरला. 'फायदा'ही अरबीच, आणि आजच्या अरबी बँकांत 'फायदा' म्हणजे चक्क ठेवीवरचं व्याज. 'लाभ' तर संस्कृतातल्या 'मिळणे' या धातूचा, म्हणून आपण व्याख्यानाचाही लाभ घेतो आणि पुत्रलाभाच्याही शुभेच्छा देतो. तोट्याचं बघा : 'आमच्याकडे पाहुण्यांना तोटा नाही' म्हणताना कुणी हिशेब मांडत नाही. तोटा म्हणजे मुळात कमी पडणं, तूट. हे सगळे शब्द आधी बऱ्यावाईटाचे होते. मग वाण्याच्या वहीत गेले आणि बहुतेक तिथेच रमले.

वहीत गेल्यावर मात्र एक अडचण झाली. भलं झालं की नाही हे माणसाला मनाशी कळतं. पैशाचा नफा असा कळत नाही. गल्ल्यात रोकड दिसते, गोदामात माल दिसतो, उधारीच्या पानावर गिऱ्हाइकांची नावं दिसतात. नफा कुठेच दिसत नाही. तो आलेल्या रकमेतून काहीतरी वजा केल्यावर उरतो, आणि वजा काय काय करायचं हे माणसं ठरवतात. नफ्यावरून जगात जेवढी भांडणं झाली, त्यातली बहुतेक या वजाबाकीची आहेत. या लेखाचा पुढचा भाग तिच्याबद्दल आहे.

कौटिल्याने हा प्रश्न फार विचार न करता सोडवला होता. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात तो सांगतो की ठरलेल्या खरेदी किमतीवर व्यापाऱ्याने देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० एवढंच घ्यावं. त्यावर घेतलं तर दंड. परदेशी मालाला दुप्पट का, हे उघड आहे : लांबचा रस्ता, चोर, जकात, वाटेत बुडालेला माल. माझं लक्ष मात्र त्याने वापरलेल्या शब्दाने वेधलं. या शेकडा ५ ला तो 'आजीव' म्हणतो. आजीव म्हणजे उपजीविका, पोटापाण्याचं साधन. त्याच्या नजरेत व्यापाऱ्याचं हे उत्पन्न उरलेलं काही नसून त्याच्या कामाचा मेहनताना आहे. आणि मेहनताना असेल तर त्याला मर्यादा घालता येते. आज नफेखोरीविरुद्ध ओरड होते तेव्हा आपणही नकळत कौटिल्याच्या बाकावर जाऊन बसतो : पोटापुरतं घे, त्यापेक्षा जास्त कशाला?

मध्ययुगातल्या समुद्री व्यापाऱ्याला नफा काढायला फार हिशेब लागत नसे. चारजणांनी पैसे घालायचे, गलबत भरायचं, ते परत येईपर्यंत देव पाण्यात ठेवायचे. आलं तर माल विकायचा, खलाशांचे पगार भागवायचे, प्रसंगी गलबतही विकून टाकायचं, आणि उरलेली रक्कम ज्याच्या त्याच्या वाट्याने वाटून घ्यायची. धंदा संपला, वही मिटली. अशा व्यवहारात नफा खरोखर मोजता येतो, कारण काहीच शिल्लक राहत नाही. सगळ्याचे पैसे झालेले असतात. १६०० मध्ये निघालेली इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा सुरुवातीला अशीच चाले. प्रत्येक सफरीसाठी वेगळं भांडवल, सफर संपली की वाटप. डचांच्या कंपनीने तर १६१० मध्ये भागधारकांना लाभांश म्हणून जायपत्री आणि मिरी वाटली. कल्पना करा, शेअर घेतल्याबद्दल घरी पोत्याने जायपत्री येते आहे. विकत बसा.

१६५७ मध्ये इंग्रज कंपनीचं भांडवल कायमचं झालं आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. आता धंदा संपतच नव्हता. सुरतेच्या वखारीत माल पडलेला, तीन जहाजं समुद्रात, दोन गोदीत दुरुस्तीला, दहा ठिकाणी येणी बाकी. आणि लंडनमधला भागधारक विचारतो, 'यंदा किती झाला?' यंदा! चालू धंद्याला मधेच थांबवून त्याचं वर्ष कापून काढायचं, ही आपल्याला आज इतकी नैसर्गिक वाटणारी गोष्ट तशी बरीच कृत्रिम आहे. जहाज वीस वर्षं चालणार असेल तर त्याच्या किमतीचा केवढा भाग यंदाच्या खात्यात टाकायचा? बुडीत जाईल असं वाटणारं येणं आजच वजा करायचं की वाट बघायची? यातलं कुठलंच उत्तर निसर्गाने दिलेलं नाही.

मांडणीची भाषा तोवर तयार होती. व्हेनिसचे व्यापारी दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची, पद्धत वापरत होतेच. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ मध्ये छापलेल्या गणिताच्या जाडजूड ग्रंथात ती नीट लिहून काढली. त्यातल्या नफा-तोटा खात्याचं नाव 'प्रो ए दान्नो'. यातला 'प्रो' म्हणजे लाभ आणि 'दान्नो' म्हणजे हानी. सगळी छोटी खाती वर्षाअखेरी या एका खात्यात रिकामी करायची आणि जे उरेल ते मालकाच्या भांडवलात जमा. पाचोली वहीच्या सुरुवातीला देवाचं नाव लिहायला सांगतो. आपल्याकडे 'श्री' लिहितात.

आता एक साधं उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण अगदीच हवेतले नाहीत. शहरातल्या एका रस्त्यावर नवरा-बायको मिळून रसवंती चालवतात. उन्हाळ्याचे चार महिने हंगाम. दिवसाला २५० ग्लास, २० रुपयांना एक. रोजची विक्री ५,००० रुपये, १२० दिवसांची ६ लाख. ऊस १ लाख ८० हजारांचा. बर्फ, लिंबं, आलं मिळून ४८ हजार. चरकाची वीज १२ हजार. मदतीला एक पोऱ्या, चार महिन्यांचा पगार ४८ हजार. जागेचं भाडं ६० हजार. ग्लास, खुर्च्या, चोथा उचलणाऱ्याचे पैसे असं किरकोळ १२ हजार. बेरीज ३ लाख ६० हजार. हातात राहिले २ लाख ४० हजार.

जूनमध्ये चरक झाकून ठेवताना नवरा म्हणणार, 'यंदा दोन-चाळीस सुटले.' 'सुटले' हा आपल्या धंद्यातला फार छान शब्द आहे. नफा असा न बोलता तो सुटतो.

हिशेबनीस म्हणेल, थांबा. चरक १ लाख २० हजारांना घेतला, सहा हंगाम चालेल. मग त्याची दरवर्षी २० हजारांची झीज धरायला हवी. यालाच घसारा म्हणतात. या पैशांचं पाकीट यंदा कुणाला दिलेलं नसतं, तरी खर्च झालेला असतो. सातव्या वर्षी नवा चरक घेताना कळतो. शिवाय कर्जाचं व्याज १० हजार. राहिले २ लाख १० हजार. वहीच्या भाषेत हा निव्वळ नफा.

यानंतर अर्थशास्त्रज्ञ येतो आणि मूड घालवतो. तो विचारतो, तुम्ही दोघं सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत उभे असता, तुमचा पगार कुठे आहे? दुसरीकडे कामाला गेला असता तर महिना २० हजार प्रत्येकी मिळाले असते. दोघांचे चार महिन्यांचे १ लाख ६० हजार वजा करा. धंद्यात स्वतःचे २ लाख अडकवलेत, ते मुदत ठेवीत असते तर ७ टक्क्यांनी १४ हजार आले असते. तेही वजा. उरले ३६ हजार. त्याच्या मते हा तुमचा खरा नफा. बाकीचं सगळं तुमची मजुरी आणि तुमच्या पैशाचं भाडं आहे, नफ्याच्या वेशात आलेलं.

म्हणजे एकाच रसवंतीचा नफा २ लाख ४० हजार, २ लाख १० हजार किंवा ३६ हजार. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. घरखर्च चालवायचा असेल तर पहिला आकडा, कर्ज मागायला बँकेत जायचं तर दुसरा आणि पुढच्या वर्षी हाच धंदा करावा की नोकरी पकडावी हे ठरवायचं तर तिसरा. घोटाळा होतो तो एकाच्या जागी दुसरा आकडा पुढे केला की.

मोठ्या कंपन्यांचं यापेक्षा वेगळं काही नसतं, फक्त पायऱ्या जास्त. मालाचा थेट खर्च वजा केला की ढोबळ नफा. पगार, भाडं, जाहिरात वजा केली की कामकाजाचा नफा. व्याज आणि कर गेला की निव्वळ नफा. अलीकडे कंपन्यांना मधल्याच एका पायरीवर उभं राहून फोटो काढायची फार हौस असते. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा आकडा, ज्याला 'एबिट्डा' म्हणतात, तो मोठा दिसतो म्हणून तोच पुढे. याची हद्द 'वीवर्क' या अमेरिकी कंपनीने गाठली. कार्यालयाची जागा भाड्याने घेऊन तुकड्यातुकड्याने पुढे भाड्याने देणं हा तिचा धंदा. २०१७ मध्ये तिला ९३ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा झाला होता. २०१८ मध्ये कर्जरोखे विकताना तिने 'कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिट्डा' असा एक नवाच प्रकार काढला : व्याज-घसारा तर सोडाच, जाहिरात आणि प्रशासनाचा बराच खर्चही वजा करायचा नाही. झाला २३ कोटी ३० लाख डॉलरचा नफा! आमच्या रसवंतीवाल्याने उसाचे पैसे धरलेच नाहीत, तर त्यालाही कुणी नावं ठेवू नयेत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण छोट्या धंदेवाल्यांची पुष्कळदा तिथेच फसगत होते. नफा आणि रोकड एक नव्हेत. ठेकेदाराने मार्चमध्ये काम पुरं करून बिल दिलं की वहीत नफा उमटतो, त्यावर कर लागतो. पैसे मात्र साहेबांची सही होईल तेव्हा. वहीत नफा असताना पगाराला पैसे नाहीत म्हणून बंद पडलेले धंदे कमी नाहीत.

परत त्या ३६ हजारांकडे. सगळ्यांचं सगळं देऊन झाल्यावर उरलेले हे पैसे नेमके कशाबद्दल? दोनशे-अडीचशे वर्षं मोठमोठी डोकी यावर खपली आहेत. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये दाखवून दिलं की नफा म्हणजे मालकाच्या देखरेखीचा पगार नव्हे. त्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. दोन कारखाने, एकात वर्षाला १,००० पौंड गुंतलेले, दुसऱ्यात ७,३०० पौंड. १० टक्के नफ्याचा दर धरला तर एकाला १०० आणि दुसऱ्याला ७३० पौंड. देखरेखीचं काम दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. मग नफा कामाप्रमाणे कुठे आला? तो भांडवलाप्रमाणे आला. मार्क्सने इथूनच पुढचं टोक गाठलं : कामगार आपल्या मजुरीपेक्षा जास्त मूल्य निर्माण करतो, ते वरचं मालकाच्या खिशात जातं, त्याचंच नाव नफा. स्मिथला जो नुसता हिस्सा वाटला तो मार्क्सला कामगाराचा थकलेला पगार वाटला.

मला स्वतःला सर्वांत पटतं ते फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचं १९२१ मधलं म्हणणं. तो धोका आणि अनिश्चितता वेगळी काढतो. शंभरातले दोन ग्लास फुटणार हे माहीत आहे, तो धोका. तो किमतीत धरता येतो, नाहीतर विमा उतरवता येतो. पण यंदा मार्चमध्येच वळीव सुरू होईल का, समोर मेट्रोचं काम निघून फूटपाथ बंद होईल का, याचं गणित कुणालाच मांडता येत नाही. पोऱ्याचा पगार ठरलेला, जागामालकाचं भाडं ठरलेलं, ऊसवाल्याचे पैसे ठरलेले. जो ठरलेलं काही न घेता शेवटी उरेल ते घ्यायला तयार होतो, त्याला मिळतो तो नफा. कधी ३६ हजार, कधी उणे. त्यात एक खोच अशी की ही अनिश्चितता फक्त मालकच सोसतो असं नाइट धरून चालतो. मार्चमध्ये पाऊस आला तर पोऱ्यालाही घरी पाठवतात, ते त्याच्या मांडणीत नीटसं बसत नाही.

आता ही वजाबाकी रस्त्यावर कशी उतरते ते पाहू. शेतमालाच्या हमीभावाचा वाद महाराष्ट्रात कुणाला नवा नाही, पण त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे हे क्वचित सांगितलं जातं. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च तीन तऱ्हांनी मोजतो. 'ए-२' म्हणजे शेतकऱ्याने खिशातून दिलेले पैसे : बियाणं, खत, फवारणी, डिझेल, मजुरी, दुसऱ्याची जमीन केली असेल तर तिचा खंड. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची अंदाजे मजुरी मिळवली की 'ए-२ अधिक एफएल'. आणि त्यातही स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मिळवलं की 'सी-२'. रसवंतीचा हिशेब आठवा. वहीवाला आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्यातलं अंतर ते हेच.

स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००४ ते २००६ या काळात अहवाल दिले. सरासरी उत्पादन खर्चाच्या वर किमान ५० टक्के एवढा हमीभाव असावा, ही त्यातली शिफारस. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने दीडपट देण्याचं जाहीर केलं. पण दीडपट कशाची? सरकारने 'ए-२ अधिक एफएल' धरला. सोयाबीनचं २०२४-२५ चं बघा : खर्च धरला क्विंटलला ३,२६१ रुपये, हमीभाव ४,८९२. कॅल्क्युलेटर घ्या, बरोबर दीडपट आहे. सरकार म्हणतं, खर्चावर ५० टक्के सुटतात, आणखी काय पाहिजे? शेतकरी संघटना म्हणतात, माझी जमीन मला फुकट पडली का? तीच खंडाने दिली असती तर वर्षाला पैसे आले असते. ते धरा, मग दीडपट करा. दोघंही ५० टक्केच म्हणतात. शेकडा कशावर, त्यात हजारांचं अंतर पडतं.

सरकारच्या बाजूने एक म्हणता येईल : जमिनीचं भाडं खर्चात धरलं की भाव वाढतो, भाव वाढला की जमिनीचं भाडं वाढतं, आणि फायदा शेवटी कसणाऱ्यापेक्षा जमीनवाल्याचा होतो. मुद्दा खोटा नाही. पण कारखानदाराने स्वतःच्या जागेचं आणि भांडवलाचं मोल किमतीत धरलं तर त्याला आपण शहाणा म्हणतो, शेतकऱ्याने धरलं की हट्टी, हे काही बरोबर नाही. आणि हे सगळं हमीभाव हातात पडला तर. त्या हंगामात महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांत सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकलं जात होतं.

मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न बोनसच्या रूपाने आला. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी रग्गड कमावलं आणि नंतर काही वर्षं कामगारांना वर्षाअखेरी महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला. १९२३ साठी मालकांनी हात वर केले : यंदा नफा नाही. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाहून जास्त कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांची समिती नेमली. समितीने सांगितलं की बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही. आणि १९२३ चे हिशेब पाहता नफाही तेवढा नाही. हिशेब अर्थातच गिरण्यांचे.

स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, मुंबईचे गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्रच घालून दिलं. वर्षाच्या नफ्यातून आधी घसारा काढा. जुनी यंत्रं बदलण्यासाठीची तरतूद काढा. आयकर काढा. भागभांडवलावर ६ टक्के परतावा काढा, धंद्यात वापरलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी दराने काढा. एवढं झाल्यावर काही उरलं, तर त्यात कामगारांचा वाटा. वकिलांची चंगळ झाली ती यंत्रांच्या तरतुदीवरून. माग घेतलेले जुन्या किमतीत, नवे येणार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या किमतीत. मालकांचा आकडा एवढा फुगे की त्यात वर्षाचा नफा गडप. लालबाग-परळच्या चाळीतल्या माणसाच्या दिवाळीचं भवितव्य नव्या मागाची किंमत काय धरायची यावर लटकलेलं असे.

१९६५ च्या बोनस कायद्याने सूत्र सुटसुटीत केलं आणि शिवाय एक वेगळीच तरतूद केली : धंद्यात काही उरो न उरो, किमान बोनस द्यायचाच. तो सुरुवातीला ४ टक्के होता, पुढे ८.३३ टक्के झाला. हा विचित्र दिसणारा आकडा म्हणजे शंभर भागिले बारा. वर्षाच्या पगारातला एक महिना. म्हणजे नफ्यातला वाटा म्हणून ज्याच्यासाठी भांडण झालं, तो बोनस निदान या मर्यादेपर्यंत नफ्यातून सुटला आणि खर्चाच्या रकान्यात जाऊन बसला. कमाल मर्यादा २० टक्के, तिथवर मात्र अजून उरलेल्याचाच हिशेब.

रकान्यांची अशीच अदलाबदल सहकारी साखर कारखान्यांत झाली, आणि तिथे आकडा फार मोठा होता. खासगी कारखान्यात ऊस देणारा वेगळा आणि मालक वेगळा. ऊसवाल्याला दिला तो खर्च, मालकाला दिला तो नफा, प्रश्नच नाही. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासदच मालक. आता कारखान्याने केंद्राने ठरवलेल्या किमान भावापेक्षा वर, हंगाम संपल्यावर साखरेला काय मिळालं ते बघून, सभासदाला टनामागे आणखी काही पैसे दिले. हे उसाचे पैसे, की मालकाला दिलेला नफा?

कारखाने म्हणाले, उसाचे. त्या काळच्या ऊस नियंत्रण आदेशातल्या कलम ५-अ प्रमाणे जादा दर द्यायची सोय होतीच, आणि अंतिम दर चांगला मिळेल म्हणूनच सभासद आमच्याकडे ऊस घालतो. आयकर खातं म्हणालं, हंगामानंतर साखर विकून काय उरलं हे बघून जो पैसा वाटता तो नफाच, आणि नफ्यावर कर लागतो. वर्षानुवर्षं नोटिसा निघत राहिल्या, अपिलं चालत राहिली, थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज वाढत राहिलं. शेवटी सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तोही वजाबाकीचाच : जादा दरातला जेवढा भाग उसाची किंमत आहे तेवढा खर्च, जेवढा भाग नफ्याची वाटणी आहे तेवढ्यावर कर. कुठला भाग किती, ते प्रत्येक कारखान्याचे हिशेब उघडून आयकर अधिकाऱ्याने ठरवावं. म्हणजे प्रकरण जिथून निघालं, फिरून त्याच टेबलावर.

२०१५ मध्ये कायद्यात बदल करून सरकारने मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम २०१६-१७ या करआकारणी वर्षापासून खर्च म्हणून धरायला सुरुवात झालीच होती. मागच्या वर्षांचं भिजत घोंगडं तसंच होतं. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की २०१६-१७ च्या आधीची देणीही कारखान्यांना खर्च म्हणून दाखवता येतील, आणि त्यातून सहकारी साखर क्षेत्राला जवळपास १० हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल. ऊस गाळून, साखर विकून, पैसे सभासदांच्या खात्यात जाऊन, खर्चूनही वर्षं लोटली होती. त्यातला एक रुपयाही जागचा हलला नाही. फक्त आयकराच्या दफ्तरात इतकी वर्षं जो नफा होता, तो त्या दिवसापासून खर्च झाला.